मोबाईल एक, अभ्यास चौघांचा

शेतीशाळेत एक गोष्ट नेहमी दिसते. हुमणीवर आम्ही तासभर बोललो तरी मागे बसलेला शेतकरी नुसती मान डोलावतो. पण बांधाशेजारचा म्हणाला, "अरे, माझ्या उसात असंच झालं होतं," की तोच माणूस पुढे सरकून प्रश्न विचारू लागतो. पोरांच्या शिक्षणाचेही तसेच आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर आले. डोंगरवाड्यांत रेंज नव्हती, कुठे घरात एकच मोबाईल आणि तो बापाबरोबर रानात. ही अडचण खरीच होती. पण मोबाईल आणि रेंज दोन्ही असलेली पोरेही मागे पडली. कारण गुरुजींना विचारायची लाज वाटते ते पोरगे शेजारच्या सोबत्याला हळूच विचारते. मोबाईलमध्ये तो सोबती नव्हता. ग्रुपवर सोबती होते, पण तिथे एकाच्या वहीचा फोटो आला की बाकीच्यांनी तो उतरवून काढायचा. याला सोबत म्हणता येत नाही.

सोबतीचे मोल आपल्या भागाला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहून शिकली. अलीकडे, ऑगस्ट २०२२ मध्ये, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगावने सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचा उपक्रम सुरू केला. सारे गावच अभ्यासाला बसले, की 'मी एकटाच का बसू?' हा पोराचा प्रश्न मिटतो.

ऑनलाईन शिक्षण आता जाणार नाही. स्पर्धा परीक्षेचे धडेही पोरे मोबाईलवरच बघतात. म्हणून ग्रामपंचायतीने समाजमंदिर किंवा शाळेची एक खोली सायंकाळी दोन तास उघडी ठेवावी. चार-पाच जणांत एक मोबाईल पुरतो. धडा बघून झाला की मोबाईल बाजूला ठेवावा, गणित आधी ज्याचे त्याने सोडवावे, मगच वह्या ताडून बघाव्यात. अंधार पडल्यावर मुलींना लांब पाठवत नाहीत. त्यांच्यासाठी वस्तीवरच कुणाची तरी ओसरी मिळावी, नाहीतर या सोयीतूनही त्याच वगळल्या जातील.

पाण्याची पाळी ठरवायला आपण एकत्र बसतोच. सरपंच आणि गुरुजींनी मनावर घेतले, तर पोरांच्या अभ्यासाची जागा ठरवायला एक ग्रामसभा पुरे आहे.