घरातला कोळी : आधी ओळख, मग केरसुणी

नाताळ जवळ आला की आपल्या घरांतून झाडलोट सुरू होते. माळ्यावरची अडगळ खाली येते, भिंतींना चुना लागतो आणि लांब काठीला केरसुणी बांधून जळमटे काढली जातात. ही चाल चांगलीच आहे. घर स्वच्छ असावे याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण या झाडलोटीत आता एक घातक प्रकार शिरला आहे. शेतावर फवारून उरलेले औषध पंपात घालायचे आणि ‘कोळी फार झालेत’ म्हणून माळ्यावर, भिंतींवर, खाटेखाली मारून मोकळे व्हायचे. त्यासाठी हे चार शब्द.

एका पावसाळ्यात आमच्या शेजारी हेच घडले. घरातल्या मुलीच्या मानेवर लाल पट्टा उठला, त्यावर बारीक फोड आले, आग आग होऊ लागली. आजीबाईंनी निदान केले, “कोळी मुतला!” झाले. घरधन्याने त्याच दिवशी भातावरचे औषध घरभर फवारले. संध्याकाळी धाकटा मुलगा उलट्या करू लागला, तोंडाला लाळ सुटली, अंग घामाने भिजले. वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून पोर वाचले. आणि मुलीचे फोड? ते कोळ्याचे नव्हतेच.

कोळी अंगावरून गेल्याने फोड येत नाहीत. पावसाळ्यात दिव्यावर एक लहानसा भुंगेरा येतो. शास्त्रज्ञ त्याला पिडेरस म्हणतात. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर, चण मुंगीसारखी, अंग केशरी, डोके आणि शेपटीचे टोक काळे. तो चावत नाही, डंख मारत नाही. पण मानेवर बसला आणि आपण हाताने चिरडला की त्याच्या अंगातला दाहक रस कातडीला लागतो. लगेच काही वाटत नाही. एक-दोन दिवसांनी पट्टा उठतो. तोवर किडा कोण होता हे कोणाच्या लक्षात नसते, आणि वर पाहिले तर कोपऱ्यात कोळी बसलेला दिसतो! शिक्षा त्याला होते. हा किडा अंगावर बसला तर फुंकर मारून उडवावा. चिरडला गेलाच तर ती जागा साबणाने धुवावी आणि तो हात डोळ्याला लावू नये. फोडांचा पट्टा अंगाच्या एकाच बाजूला असेल आणि आत ठणका असेल, तर ती नागीणही असू शकते. तिच्यावर औषध आहे, पण ते पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्टरांकडून घ्यावे लागते.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला काहीतरी चावते, जागेवर सूज नाही, वेदना नाही, खूण शोधूनही सापडत नाही. घरची माणसे म्हणतात, “कोळीबिळी असेल, झोप.” वाचकहो, मण्यार अशीच चावते. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, घास गिळवत नाही आणि मग श्वास अडतो. कोळ्यावर ढकललेल्या त्या दोन-तीन तासांत माणूस हातचा जातो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता जेथे सर्पदंशावरचे इंजेक्शन मिळते त्या रुग्णालयात तडक जावे. तसेच ताप आला आणि अंगावर, विशेषतः काखेत वा जांघेत, विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली, तर तीही कोळ्याच्या नावावर टाकू नये. गवतातल्या बारीक किड्यापासून होणाऱ्या स्क्रब टायफसची ती खूण असते. वेळेवर साधे औषध मिळाले तर हा ताप बरा होतो, दुर्लक्ष केले तर जिवावर बेततो.

म्हणून माझे म्हणणे असे की घरातले चार कोळी प्रत्येक घरातल्या पोराने ओळखावेत. काम कठीण नाही. कोळ्याला आठ पाय असतात, अंगाचे दोन भाग असतात, पंख आणि मिशा नसतात. गोचिडीलाही आठ पाय असतात, पण तिचे अंग एकसंध पिशवीसारखे असते. जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, पण आपल्या भिंतीवर नित्य भेटणारे मोजकेच आहेत.

पहिला, मोठा चपटा तपकिरी कोळी. पाय पसरले की तळहाताएवढा दिसतो. न्हाणीघरात, फडताळामागे रात्री भिंतीला चिकटून असतो. सगळ्यात जास्त किंकाळ्या यालाच पाहून उठतात. हा जाळे विणत नाही, धावून झुरळे धरतो. पोटाखाली पांढरी, नाण्यासारखी चपटी थैली धरलेली दिसली तर ती अंडी घेतलेली मादी समजावी. मुद्दाम हातात दाबला तरच चावतो. दुखते, पण थोड्या वेळात उतरते.

दुसरा, काडीसारख्या लांब पायांचा. छताच्या कोपऱ्यात विस्कटलेले जाळे करून उलटा लोंबतो आणि जाळ्याला बोट लावले की गदगदा हलू लागतो. आपण ज्याला जळमट म्हणतो ते बहुतेक याचेच, धूळ बसलेले जुने जाळे. त्याच्या जाळ्यात डासही सापडतात. हा फार विषारी असल्याची समजूत आहे, तिला आधार नाही.

तिसरा, लहान, केसाळ, उड्या मारणारा. दिवसा खिडकीच्या चौकटीवर फिरतो, माश्या धरतो आणि आपण जवळ गेलो की वळून दोन मोठ्या डोळ्यांनी आपल्याकडे पाहतो.

चौथा दिसतो कमी, त्याचे घर दिसते. भिंतीवर चुन्याच्या टिकलीसारखा पांढरा गोल चिकटलेला असतो, त्याखाली हा इवलासा कोळी राहून मुंग्या खातो.

विष जवळजवळ सर्वच कोळ्यांजवळ असते, पण ते किड्यापुरते. वर सांगितलेल्या चौघांपैकी कोणाच्याही चाव्याने माणूस दगावत नाही. कोळी रक्त पीत नाही. अंथरुणात चावतात ते ढेकूण आणि पिसवा. मात्र घाटाकडच्या गावांत बांधाच्या, दरडीच्या बिळात किंवा झाडाच्या ढोलीत मोठा केसाळ कोळी राहतो. त्याच्या बिळात काडी किंवा बोट घालू नये. त्याच्या चाव्याने सूज येते, काही जातींच्या चाव्याने अंगात पेटकेही येतात. पोरांना हे बजावून ठेवावे.

आता शेताकडे वळू. भाताच्या बुंध्याशी पाण्यावरून धावणारा करडा कोळी आपण रोज पाहतो. त्याची मादी अंड्यांची गोळी मागे बांधून हिंडते आणि पिले निघाली की त्यांना पाठीवर घेते. ही जात तपकिरी तुडतुडे खाते. इंडोनेशियात भातावर वारेमाप फवारणी झाली तेव्हा कोळी आणि इतर मित्रकीटक मेले आणि तुडतुडे उलट वाढले. शेवटी १९८६ साली तेथील सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. एका अख्ख्या देशाने मोल देऊन शिकलेला हा धडा आपण फुकट घ्यायला काय हरकत आहे?

कोणी म्हणेल, मग काय जळमटात राहायचे? मुळीच नाही. जळमटे केरसुणीने काढावीत, कोळी पेल्याखाली धरून, खालून पुठ्ठा सरकवून गोठ्याकडे सोडावा. दिव्यावर किडे आले की कोळी येणारच. म्हणून अंथरुणावरचा दिवा लवकर मालवावा, शक्यतो खाटेवर झोपावे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचावी. त्याने डास, पिडेरस आणि मण्यार तिन्ही दूर राहतात. कोळी चावलाच तर जागा साबणाने धुऊन ओले फडके ठेवावे. चुना, राख, ब्लेडचा काप यांतले काही करू नये. सूज पसरली, ताप किंवा पेटके आले तर डॉक्टरांकडे जावे.

आणि शेतातले औषध शेतातच राहू द्यावे. बाटलीवरची लाल-पिवळी खूण शोभेसाठी नसते. भिंतीवर, भांड्यांवर, धान्याच्या कणगीवर बसलेले ते विष कोळ्यापुरते थांबत नाही. ते रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते आणि हातातून तोंडात जाते.

आमच्या शेजारचे पोर आता खेळते-बागडते आहे. त्याच्या आजीबाई आजही कोपऱ्याकडे पाहून कुरकुरतात, पण पंप मात्र त्या घराच्या उंबरठ्याबाहेर, गोठ्यातल्या कुलपाच्या पेटीत असतो. आपल्या घरचा पंप कोठे आहे, हे या झाडलोटीत एकदा पाहून घ्यावे.