अडीच लाखांची वेस

जून महिना उजाडला की धर्मग्रामाच्या कचेरीबाहेरच्या बाकावर विद्यार्थ्यांची रांग लागते. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला शिफारसपत्र, कोणाला अर्जाच्या कोपऱ्यात नुसती सही आणि शिक्का. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी ही सही करीत आलो आहे. त्या सहीने काय साधले आणि काय हुकले याचा हिशेब मांडण्याची वेळ आता आली आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. हा हिशेब काही वाचकांना रुचणार नाही. त्यात आमचाही खर्च जमेपेक्षा अधिक निघतो, हे आधीच सांगून टाकतो.

२०१८ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. एकाच दुपारी दोन अर्ज माझ्यापुढे आले. दोन्ही अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या ‘मेरिट-कम-मीन्स’ शिष्यवृत्तीचे, दोघांनाही अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेला. एक मुलगी होती. वडील एका सोसायटीत वॉचमन, पगार साडेतेरा हजार. आई वालीवच्या एका कारखान्यात पॅकिंगला, पगार सात हजार आठशे. दोघांच्या पगाराच्या पावत्या जोडलेल्या. वर्षाची बेरीज दोन लाख पंचावन्न हजार सहाशे. योजनेची मर्यादा अडीच लाख. दुसरा मुलगा होता. वडिलांची वाडी, वाडीच्या कडेला भाड्याने दिलेल्या चाळी, दारात मोटार. तहसीलदार कचेरीतून आणलेला उत्पन्नाचा दाखला बहात्तर हजारांचा. दोघांच्याही बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर माझीच सही होती. मुलगा पात्र ठरला. मुलगी पाच हजार सहाशे रुपयांनी ‘श्रीमंत’ ठरली. राज्याच्या योजनेतून तिचे निम्मे शिक्षणशुल्क सुटत होते. पण उरलेले निम्मे आणि पहिल्याच दिवशी रोख भरावयाची इतर रक्कम जमेना. तिने बी. कॉम.ला नाव घातले. मुलगी हुशार होती, बी. कॉम. उत्तम तऱ्हेने झाली, आज नोकरीही करते. म्हणून तिच्यावर अन्याय झालाच नाही, असे म्हणणारी माणसे मला भेटली आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मुलाच्या बापाला लबाड म्हणावे, तर तसेही माझ्याने म्हणवत नाही. त्याने कायद्याला धरूनच दाखला मिळवला. शेतीचे उत्पन्न जे सांगाल तेच. तलाठ्याच्या अहवालात बहात्तर हजार आले की तहसीलदाराच्या दाखल्यावर बहात्तर हजारच येणार. उलट नोकरदाराच्या पगाराची पावती आरशासारखी स्वच्छ. म्हणजे ही व्यवस्था गरिबी मोजत नाही, तर कोणाचे उत्पन्न कागदावर दिसते आणि कोणाचे लपते एवढेच मोजते. ज्याला लपवायला काही नाही, तो पकडला जातो.

‘अहो फादर, रेषा कुठेतरी ओढावीच लागते,’ असे मला एका निवृत्त अधिकाऱ्याने समजावले. ओढावी लागते, हे मलाही मान्य आहे. सरकारच्या तिजोरीला तळ असतो आणि सर्वांना सर्व काही देता येत नाही, एवढे अर्थशास्त्र सेमिनरीतही शिकवतात. माझा आक्षेप रेषेवर नाही. ती रेषा एकदा ओढून तिच्याकडे पाठ फिरवण्यावर आहे.

‘मेरिट-कम-मीन्स’ची अडीच लाखांची मर्यादा २००७ साली योजना आली तेव्हाची. त्याच योजनेत सर्वसाधारण महाविद्यालयासाठी शुल्कापोटी वर्षाला जास्तीत जास्त वीस हजार रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्याला महिना एक हजार रुपये ठरले होते. माझ्याकडे ती मुलगी आली तेव्हा अकरा वर्षे उलटली होती. अकरा वर्षांत तूरडाळीचे, एस.टी.च्या तिकिटाचे, खोलीच्या भाड्याचे काय झाले हे वाचकांना सांगायला नको. अडीच लाख मात्र अडीच लाखच होते. मर्यादा कोणी खाली आणली नाही; तसा ठराव झाला असता तर निदान आरडाओरडा झाला असता. महागाई वर चढत गेली, रेषा जागच्या जागी राहिली, आणि दरवर्षी काही हजार घरे कोणाच्याही आदेशाशिवाय पात्रतेच्या बाहेर पडत गेली.

हीच कथा अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची. ही योजना १९४४ सालची, म्हणजे स्वातंत्र्याहून वडील. देशातल्या किती दलित घरांत पहिला पदवीधर तिने घडवला असेल! तिची उत्पन्नमर्यादा २०१३ साली अडीच लाखांवर आणली गेली. डिसेंबर २०२० मध्ये योजनेची मोठी पुनर्रचना झाली, केंद्राचा वाटा साठ टक्के ठरला, पाच वर्षांसाठी ५९ हजार कोटींची तरतूद जाहीर झाली. या गोष्टीचे श्रेय ज्याचे त्याला द्यावे. परंतु मर्यादा तीच राहिली. आता एक साधा गुणाकार करून पाहावा. २०१६ साली सातव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या अगदी खालच्या पायरीवरील कर्मचाऱ्याचे मूळ वेतन सात हजारांवरून अठरा हजार केले. २०२० च्या अखेरीस महागाई भत्ता सतरा टक्के होता. मूळ वेतन आणि भत्ता मिळून महिन्याचे एकवीस हजार साठ, वर्षाचे दोन लाख बावन्न हजार सातशे वीस. याचा अर्थ, ज्या सरकारने आपल्या सर्वांत लहान शिपायाला माणसासारखे जगण्यासाठी किमान इतके लागते असे ठरवले, त्याच सरकारने त्या शिपायाच्या मुलाला शिष्यवृत्तीपुरते सधन ठरवले. त्या शिपायाचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, तपासला जातो. जो निर्देशांक भत्त्याला लागतो तो मर्यादेला का लागू नये, या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

महाराष्ट्रात मर्यादेबाहेरच्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना ‘फ्रीशिप’ मिळते, शुल्क माफ होते, हे खरे. मात्र निर्वाहभत्ता मिळत नाही. आणि मिळणाऱ्यालाही किती मिळतो? नव्या रचनेत अभियांत्रिकी, वैद्यकीय अशा पहिल्या गटातील अभ्यासक्रमाला वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी वर्षाला साडेतेरा हजार रुपये ठरले. दिवसाला सदतीस रुपये झाले. पुण्यात इतक्यात दोन वडापाव आणि एक चहा येतो की नाही, हे तिथल्या विद्यार्थ्यांनीच सांगावे. राज्याच्या स्वाधार योजनेने हा खड्डा काही अंशी बुजवला खरा, पण तिच्याही दारात तीच अडीच लाखांची वेस उभी केली गेली.

याउलट खुल्या गटासाठी असलेल्या राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीची मर्यादा आठ लाखांपर्यंत नेण्यात आली. २०२४ च्या जुलैत आठ लाखांच्या आतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ झाले. उत्तम झाले, माझ्या बाकावर बसलेल्या त्या मुलीला हे सहा वर्षे उशिरा मिळाले, एवढेच. पण एकाच राज्यात, एकाच महाविद्यालयात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांपैकी एकाला आठ लाखांपर्यंत गरजू मानायचे आणि दुसऱ्याला अडीच लाखांच्या पुढे नाही, यातला न्याय कोणत्या शास्त्रात बसतो? रेषा हलवता येते, हेच आठ लाखांच्या आकड्याने सिद्ध केले. ज्यांच्या मागे आवाज होता त्यांच्यासाठी ती हलली.

कडक नियम नसतील तर चोर शिरतील, असे म्हटले जाते. चोर शिरले, आणि ते कडक नियम असतानाच शिरले. अल्पसंख्याक शिष्यवृत्त्यांच्या तपासणीत १,५७२ संस्थांपैकी ८३० संस्था बनावट किंवा बंद असल्याचे आढळले, सरकारचे सुमारे १४५ कोटी रुपये बुडाले आणि २०२३ साली प्रकरण सी.बी.आय.कडे गेले. ही लूट गरीब बापाने खोटा दाखला आणून केलेली नव्हती. नसलेल्या शाळांच्या नावाने, कागदपत्रे यथासांग जोडून ती झाली. वॉचमनच्या मुलीला पाच हजार सहाशे रुपयांसाठी अडवणारी चाळणी आठशे तीस खोट्या संस्थांना अडवू शकली नाही. त्याआधीच, २०२२ च्या डिसेंबरात, संशोधक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली. ती इतर योजनांशी मिळतीजुळती आहे, असे कारण सांगितले गेले.

आता आमच्या समाजाच्या जिव्हारी लागणारा विषय. अहिल्यानगर, जालना, छत्रपती संभाजीनगर या भागांत असे वाडे आहेत जिथे दोन सख्ख्या भावांपैकी एकाने बाप्तिस्मा घेतला आणि दुसऱ्याने नाही. घर तेच, गावकुसाबाहेरची जागा तीच, गावाची नजरही तीच. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने पहिल्या भावाच्या मुलाला अनुसूचित जातीच्या यादीबाहेर ठेवले. तोच आदेश १९५६ साली शीख बांधवांसाठी आणि १९९० साली बौद्ध बांधवांसाठी सुधारला गेला. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ साली त्याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. आरक्षणाचा प्रश्न न्यायालय आणि संसद सोडवतील तेव्हा सोडवोत. शिष्यवृत्तीसाठी तोवर थांबण्याचे कारण नाही. केंद्राने मान्यता देण्याच्या कितीतरी आधी, साठच्या दशकातच, महाराष्ट्राने नवबौद्धांना शैक्षणिक सवलती दिल्या होत्या. केरळने धर्मांतरित दलित ख्रिश्चनांचा वेगळा गट करून त्यांना शैक्षणिक सवलती दिल्या. राज्याने मनात आणले तर आपल्या तिजोरीतून विद्यार्थ्याला मदत करण्यापासून १९५० चा आदेश त्याला रोखीत नाही. आपण मोर्चे आरक्षणासाठी काढले. या लहान, आजच पदरात पडू शकणाऱ्या मागणीसाठी किती निवेदने दिली?

इथवर सरकारचे झाले. आता आपल्या घरातले.

आमच्या धर्मग्रामांत शिक्षणनिधी असतात, समाजाचे न्यास असतात, परदेशी स्थायिक झालेल्या बांधवांनी आईवडिलांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या ठेवी असतात. त्यांचे अर्ज कधी नीट वाचले आहेत का? अमुक टक्के गुण हवेत. कुटुंब ‘नियमित’ असल्याचे धर्मगुरूंचे पत्र हवे. समितीतल्या कोणाची तरी ओळख हवी, हे छापलेले नसते. एकदा मी स्वतः एका मुलाचा अर्ज परत पाठवला होता. आईवडिलांचे लग्न चर्चमध्ये झालेले नव्हते, आणि समितीच्या नियमावलीतले कलम मी बोट ठेवून दाखवले. मुलगा काही बोलला नाही. अर्जाची घडी करून त्याने खिशात ठेवली आणि गेला. त्याच रविवारी द्राक्षमळ्यातल्या मजुरांवर मी प्रवचन केले असते, तर ते कोणत्या तोंडाने, हा प्रश्न मला नंतर कित्येक रात्री पडला. त्या कथेतला धनी शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो, कारण त्याच्याही घरी पूर्ण दिवसाची भूक असते. आमची समिती त्याला हजेरीपट मागते.

गरज कागदावरून कळत नाही, ती घरी जाऊन कळते. १८३३ साली पॅरिसमध्ये वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांसह जे काम आरंभले, त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. गरिबाच्या घरी स्वतः जाणे हा तिचा पहिला रिवाज. आपल्याकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा जवळून पाहिला, सयाजीराव महाराजांपुढे त्याच्यासाठी शब्द टाकला, आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९१३ साली तोच मुलगा महाराजांच्याच मदतीने कोलंबियाला गेला. ओळखणाऱ्याच्या शब्दाला वशिल्याची कीड लागते, हे मी जाणतो. चाळीवाल्याच्या मुलासाठीही कोणी शब्द टाकीलच. म्हणून सरकारने दाखला मागावा. परंतु तो घराच्या अवस्थेशी ताडून पाहावा, मर्यादा दरवर्षी महागाईबरोबर वर सरकवावी, आणि मर्यादेपलीकडे एकदम कडेलोट न ठेवता उतार ठेवावा: अडीच लाखांना पूर्ण, तीन लाखांना पाऊण, चार लाखांना निम्मी. पैसा प्रवेशाच्या दिवशी द्यावा. परीक्षा संपल्यावर बँकेत जमा होणारी शिष्यवृत्ती सावकाराचे व्याज फेडण्याच्या कामी येते.

साठच्या दशकाच्या तोंडावर यशवंतरावांच्या सरकारने वर्षाला बाराशे रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी दिली, तेव्हा ‘ई.बी.सी.’ ही तीन अक्षरे खेडोपाडी घरातल्या शब्दांसारखी रुळली. आमच्या आधीच्या पिढीतले कित्येक शिक्षक, कारकून, इतकेच काय काही धर्मगुरूही त्या तीन अक्षरांवर शिकले. बाराशेची ती रेषा आजवर हलली नसती तर काय झाले असते, याची कल्पना सचिवालयातल्या साहेबांनी करून पाहावी.

आमच्या निधीच्या अर्जातले तिसरे कलम, ते ‘नियमित कुटुंबा’चे, वगळावे असा ठराव मी येत्या बैठकीत मांडणार आहे. समितीच्या सात सभासदांपैकी चार विरोधात आहेत, असे मला कळले आहे. गुणांची अट तरी राहू द्या, असे उरलेल्यांपैकी दोघांचे म्हणणे. बैठक दुसऱ्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर आहे, आणि ती सर्वांना खुली आहे.