संगणकाचे प्रत्याहार

ज्यांनीं लहानपणीं व्याकरण घोकलें असेल, त्यांस पाणिनीच्या प्रत्याहारांचें कौतुक नव्यानें सांगावयास नको. १४ सूत्रांत वर्ण मांडून त्यानें अशी योजना केली कीं, 'अच्' म्हणतांच सारे स्वर व 'हल्' म्हणतांच सारीं व्यंजनें समजावीं. खुणेचा अर्थ एकदां ठरला कीं पुनः पाल्हाळ नको. हीच युक्ति घरांतील संगणकावरहि चालते.

तिचें प्रयोजन एका शब्दावरून पाहूं. आमच्या नांदेड-लातूरकडील जुन्या घरांस मातीचें माळवद असे. सिमेंटच्या घरांत वाढलेली नात गोष्ट ऐकतां ऐकतां विचारते, "आजोबा, माळवद म्हणजे काय?" बालकाची जिज्ञासा क्षणजीवी असते. गूगलवर शब्द टाकावा, तर कोश, जाहिराती व चित्रफिती यांची सरमिसळ पुढें येते. त्यांतून विश्वासाचें उत्तर निवडीपर्यंत मूल उठून जातें, आणि एक पिढी त्या शब्दास मुकते.

यास्तव विचारावयाचें कोणास, हें आधींच ठरवावें. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ति १८५७) व दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे दोन्ही शिकागो विद्यापीठानें इंटरनेटवर खुले ठेविले आहेत. पैकीं एकांत नमुन्याचा एखादा शब्द इंग्रजी लिपींत शोधावा. देवनागरी शब्द घेतल्यास पत्ता उतरवितांना त्याच्या जागीं दुर्बोध चिन्हांची रांग उमटते. वरच्या पत्त्यांत तो शब्द आढळेल. तेवढाच काढून त्याच्या जागीं शेकड्याचें चिन्ह व त्यास चिकटून इंग्रजी लहान 'एस्' लिहावा. मग क्रोमच्या सेटिंग्जमध्यें 'सर्च इंजिन' विभागांतील 'साइट सर्च'खालीं 'अ‍ॅड' दाबून नांव, खूण व हा पत्ता भरावा. फायरफॉक्समध्यें हाच पत्ता बुकमार्क करून 'कीवर्ड'च्या रकान्यांत खूण लिहावी. खूण इंग्रजी 'एम्' ठेविली, तर पत्त्याच्या पट्टींत 'एम्', मोकळी जागा व 'माळवद' लिहून एंटर दाबतांच कोश उघडतो.

२००३ सालीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासहि अशीच निराळी खूण द्यावी, आणि नातीस किल्लारीचा भूकंप शोधावयास सांगावें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या भिंती व त्यांवरील जड माळवदें कोसळून हजारों माणसें दगावलीं. ज्या शब्दाचा अर्थ तिनें विचारिला, त्याच्याशीं आपल्या मुलखाचें केवढें दुःख जोडलेलें आहे, हें तिला तेव्हां उमगेल.

न्यायशास्त्र शब्दास प्रमाण मानतें, पण आप्ताच्याच. खूण नेमणें म्हणजे आप्त निवडणें होय. ती निवड गृहस्थानें यंत्रावर सोंपवूं नये. आणि कोशांतहि न सांपडणारा शब्द घरांतील वडील माणसांस विचारून वहींत टिपून ठेवावा.