दुसऱ्याच्या कर्जाला आपली जमीन

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात जामीनकीला ‘प्रातिभाव्य’ असा शब्द आहे आणि तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. ऋणकोला हजर करण्याची हमी हे ‘दर्शन’, तो विश्वासास पात्र असल्याची हमी हा ‘प्रत्यय’, आणि त्याने पैसे न दिल्यास ते आपण देण्याची हमी हे ‘दान’. पहिल्या दोन प्रकारांतला जामीन वारला, तर त्याच्या मुलांवर ऋण येत नसे. ‘दाना’चा जामीन वारला, तर मात्र मुलांना ते फेडावे लागे.

स्मृतिकारांनी ओळखलेला हा फरक आजही सही करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. धाकट्या भावाच्या दुकानासाठी किंवा मेहुण्याच्या ट्रकसाठी जो आपली जमीन तारण देतो, त्याच्या मनात ‘प्रत्यय’ असतो : माणूस आपला आहे, बुडवणार नाही. कागदावर मात्र ‘दान’ लिहिलेले असते.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ हा युक्तिवाद न्यायाचा वाटतो खरा. पण बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच तो फेटाळला. धनकोने प्रथम ऋणकोच्या मागे लागावे अशी अट घातली, तर हमी घेण्याचा हेतूच नष्ट होतो, हे त्यामागचे कारण. धनकोच्या बाजूने पाहता ते चुकीचेही नाही.

जमीन तारण देणारा आणि जामीनदार हे कायद्याने एकच नव्हेत, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. केवळ गहाणखत करून दिले असेल, तर कर्जाला उत्तरदायी असते ती जमीन. गहाण देणाऱ्याने फेडीचे स्वतंत्र वचन दिले नसेल, तर त्याच्या उरलेल्या मिळकतीला हात लावता येत नाही. पण गहाणखताबरोबर त्याच बैठकीत हमीपत्रावरही सही घेतली जाते. ती सही झाली की जमीन विकून रक्कम अपुरी पडल्यास उरलेल्याची वसुली त्याच्याकडून व्यक्तिशः होऊ शकते. त्यात ‘आजचे व यापुढील सर्व येणे’ असे शब्द असतील, तर एका कर्जासाठी दिलेली जमीन, मर्यादेचा आकडा लिहिलेला नसेल तर, पुढच्या कर्जांतही अडकते. जामीनदाराला न विचारता धनकोने मूळ अटी बदलल्या तर त्याची सुटका व्हावी, अशी कलमे करार कायद्यात आहेत. मात्र छापील मसुद्यात तो हक्क आधीच सोडून दिलेला आढळतो.

२००२ च्या सरफेसी कायद्याने ‘कर्जदार’ या शब्दाच्या व्याख्येतच हमीदार आणि तारण देणारा यांचा समावेश केला. साठ दिवसांच्या नोटिशीनंतर दाव्यावाचून ताबा घेण्याचा अधिकार बँकेला मिळतो. या कायद्यातून शेतजमीन वगळली आहे, हा दिलासा खरा. पण राहते घर आणि बिनशेती भूखंड वगळलेले नाहीत आणि शेतजमिनीवर वसुलीचे इतर मार्ग बंद झालेले नाहीत. कर्ज फेडून टाकलेल्या जामीनदाराला धनकोचे हक्क मिळतात, मूळ ऋणकोकडून भरपाई मागता येते. ज्याच्याकडे काही उरलेले नाही अशा भावावर दावा लावून काय मिळणार, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरचा.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वी सापडले होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले आणि त्यांनी कर्जाचे कागद हस्तगत करून जाळले. वाचता न येणाऱ्या माणसाच्या अंगठ्याने काय काय बांधले जाते, हे त्या होळीने सरकारला दाखवले. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यातून जन्मला. न्यायमूर्ती रानडे पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते. व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासण्याचे काम त्याने न्यायालयावर टाकले. त्याहून महत्त्वाची, पण विस्मरणात गेलेली तरतूद ग्राम-निबंधकाची. शेतकऱ्याचा कर्जाचा वा गहाणाचा दस्त या निबंधकासमोर लिहिला जावा, त्याला मोठ्याने वाचून दाखवला जावा आणि मगच सही व्हावी. अन्यथा तो पुराव्यात ग्राह्य नाही.

या कायद्याने सावकारी संपली नाही. गहाणाऐवजी उघड खरेदीखत लिहून घेण्याची पळवाट निघालीच. तरीही वाचून दाखवण्यामागचा विचार योग्य होता. इंग्लंडमध्ये १९९३ साली बार्कलेज बँक विरुद्ध ओब्रायन या खटल्यात पत्नीने पतीच्या कंपनीसाठी घर तारण दिले होते. मर्यादा साठ हजार पौंडांची आणि मुदत तीन आठवड्यांची, असे पतीने तिला सांगितले होते, आणि कागद तसा नव्हता. बँकेने धोका समजावून सांगितला नाही म्हणून हाऊस ऑफ लॉर्ड्सने ते तारण तिच्यापुरते रद्द केले. दख्खनच्या कायद्याने शतकभर आधी अनोळखी सावकाराच्या बाबतीत जे मागितले, ते येथे घरातल्याच माणसाच्या बाबतीत मागितले गेले. आणि दुसऱ्यासाठी गहाण टाकताना भीड असते ती घरातल्याचीच.

आपल्याकडे अनुचित दबावाचे कलम आहे, पण ते सिद्ध करण्याची पाळी सही करणाऱ्यावर येते, तीही बहुधा नोटीस आल्यावर. कर्जदार समोर बसलेला नसताना, कर्जाशी संबंध नसलेल्या वकिलाने गहाणखत व हमीपत्र तारण देणाऱ्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवले, याचा दाखला जोडल्याशिवाय तिऱ्हाईताचे तारण घेताच येऊ नये. रकमेचा कमाल आकडा त्यात अक्षरी लिहिलेला असावा. खर्च वाढेल, अशी तक्रार बँका व पतसंस्था करतील. मालमत्तेच्या शोध-अहवालासाठी वकिलाचे शुल्क त्या आजही कर्जदाराकडूनच घेतात. त्यात आणखी एका तासाची भर पडेल.