मद्यगृहातले लिंबूपाणी

आमच्या निपाणीच्या जुन्या घरांतून 'बार' हा शब्द अजूनही थोडा आवाज उतरवूनच उच्चारला जातो. त्यामुळे परवा मुंबईस गेलो असता भाचा म्हणाला, "मामा, चला की, तुम्हाला मारिओ मिरांडांची चित्रं दाखवतो," आणि त्याने मला थेट कुलाब्याच्या एका मद्यगृहापुढे आणून उभे केले, तेव्हा मी दाराशी घुटमळलो. गावचे कोणी आसपास नाही अशी खात्री करून घेतली आणि मगच आत शिरलो.

त्या जागेचे नाव 'कॅफे मोंडेगार'. रीगल चित्रपटगृहाजवळ १९३२ साली ते सुरू झाले ते साधे इराणी हॉटेल म्हणून. पुढे बिअर आली, गाणी वाजविणारी पेटी आली आणि भिंतींवर मारिओ आले. मूळ गोव्यातल्या लोटलीचे हे चित्रकार २०११ साली वारले. येथे मात्र त्यांची माणसे दाटीवाटीने जिवंत आहेत. एका भिंतीवर मुंबईचे जीवन, समोरच्या भिंतीवर याच कॅफेतली गर्दी. गंमत अशी, की चित्राखाली बसलेल्या गिऱ्हाइकांना उचलून चित्रात बसविले तर कोणाला फरक कळायचा नाही! मी लिंबूपाणी मागविले तसा भाचा हसू लागला. मारिओंच्या व्यंगचित्रांतल्या नटीचे आडनावच मुळी निंबूपाणी! धुराची तयारी ठेवून गेलो होतो, पण २००८ च्या ऑक्टोबरपासून सार्वजनिक जागी विडी-सिगारेट बंद झालेली. तंबाखूवर वाढलेल्या गावच्या माणसाने यावर काय बोलावे?

तेथून थोडे चालले की काळा घोडा लागतो. तेथे 'वेसाइड इन' नावाचे हॉटेल होते. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले कवी अरुण कोलटकर त्याच्या खिडकीशी वर्षानुवर्षे बसत. बाहेर दिसत ते झाडूवाले, भिकारी, पदपथावरचे संसार, भटकी कुत्री. त्यातून त्यांचा 'काळा घोडा पोएम्स' हा इंग्रजी संग्रह झाला. तो २००४ साली निघाला आणि त्याच सप्टेंबरात कोलटकर गेले. ते हॉटेलही आता नाही.

आपल्या जुन्या घराण्यांना हे रुचणार नाही, पण सांगतो. आपण साहित्याची चर्चा केली ती दिवाणखान्यात. पानसुपारी असे, अत्तरगुलाब असे, आणि येणारा कोणाचा कोण हे आधी ठाऊक असे. हॉटेलात बसणे म्हणजे बिघडणे, ही शिकवण मलाही होती. कोलटकरांना खिडकीतून दिसलेल्यांपैकी एकाला तरी आपल्या दिवाणखान्याचा उंबरा ओलांडता आला असता का? हॉटेलाच्या टेबलाला मात्र आडनावाशी कर्तव्य नसते. कपाची किंमत दिली की झाले. वाचनालये आहेत, पण तेथे 'शांतता राखा' अशी पाटी! व्याख्यानमालेत एकच बोलतो. दारूचा पुरस्कार मी करीत नाही, कोलटकरांची खिडकी काही बाटलीमुळे मोठी झालेली नाही. तिला मोठेपण आले ते त्या माणसाला तेथे बसू दिले म्हणून. आपण लेखकाच्या नावाने चौक करतो, पुतळा बसवितो. त्याला खुर्ची देणाऱ्या हॉटेलवाल्याची आठवण कोण ठेवतो?

निपाणीस परतल्यावर बसस्थानकाच्या कट्ट्यावर नेहमीची दोन पोरे दिसली. कविता करतात, एक तंबाखूच्या वखारीत कामाला जातो. पाऊस आला की त्यांची बैठक मोडते. शेजारच्या हॉटेलवाल्यांना मी म्हटले, "मालक, रात्रीची गर्दी ओसरली की कोपऱ्यातलं एक टेबल या पोरांना देत चला."

"देतो की. पण गुरुजी, एका चहावर बसणार किती वेळ?"

"दुसरा माझ्या खात्यावर लिहा," मी म्हणालो.

त्यांनी वही काढली. पहिल्या आठवड्याचे अकरा चहा झाले आहेत.