म्हणे, पुढे काहीच झाला नाही!

मागच्या रविवारी पुतणीकडे तिच्या मुलाचं केळवण होतं. जेवणं उरकली, मंडळी सोफ्यावर, गादीवर जागा मिळेल तिथे टेकली आणि कुणीतरी टीव्ही लावला. 'शोले' चालू होता. आमच्या घराण्यात 'शोले' लागलेला असताना चॅनल बदलायची कुणाची छाती नाही. बघता बघता लाकडाच्या वखारीतला तो प्रसंग आला. सूरमा भोपाली पान चघळत फुशारक्या मारतोय आणि जय-वीरू मागे येऊन उभे राहतात. सगळे हसले. तेवढ्यात आमचे जावईबापू म्हणाले, "हा जगदीप लहानपणी केवढा नावाजलेला पोरगा होता! पण पुढे काहीच झाला नाही. विदूषकच राहिला शेवटी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही तेव्हा काही बोलले नाही. लग्नघर, त्यात जावई माणूस. पण घरी आल्यावर झोप लागेना. तेव्हा जावईबापू, तुम्ही हे वाचाल हे ठाऊक असूनच लिहिते आहे. राग मानू नका, पण तुमचं चुकलं.

आधी हा 'काहीच न झालेला' माणूस कोण ते बघू. खरं नाव सय्यद इश्तियाक अहमद जाफरी. जन्म २९ मार्च १९३९, मध्य प्रदेशातल्या दतियाचा. वडील लहानपणीच गेले. फाळणीच्या दिवसांत आई मुलाला घेऊन मुंबईत आली आणि एका अनाथाश्रमात स्वयंपाक करू लागली. आई दुसऱ्यांच्या चुली फुंकते आणि आपण शाळेत बसायचं, हे पोराला पटेना. त्याने शाळा सोडली, पतंग बनवले, साबण-कंगवे विकले. मग एक दिवस चित्रपटाला मुलं गोळा करणारा माणूस आला. बी. आर. चोप्रांचा 'अफसाना' (१९५१). बसून टाळ्या वाजवायचे तीन रुपये. तिथे एका मुलाला उर्दूतलं वाक्य जमेना, ते याने म्हणून दाखवलं, तर तिनाचे सहा झाले. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितलेली आहे. म्हणजे हा मुलगा कलेच्या ओढीने वगैरे आलेला नव्हता. सहा रुपयांसाठी आला होता.

पण आला तो टिकला. बिमल रॉयच्या 'दो बिघा जमीन' (१९५३) मधला बूटपॉलिशवाला पोरगा आठवा. गुरुदत्तच्या 'आरपार'मध्ये (१९५४) तो आहे, 'अब दिल्ली दूर नहीं' आणि 'हम पंछी एक डाल के' (दोन्ही १९५७) मध्ये आहे. त्याच वर्षी 'भाभी'त तो चक्क तरुण नायकाच्या जागी, समोर नंदा. मास्टर विनायकांची ही मुलगी. वडील गेल्यावर तीही 'बेबी नंदा' म्हणून लहान वयात कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली. पतंगाचं ते गाणं या दोघांवरच आहे. दोन लेकरं, दोघांनीही लहानपणीच घराला हातभार लावलेला, आणि गच्चीवर पतंग उडवताहेत. आता ते गाणं लागलं की मला गाण्यापेक्षा हेच दिसतं.

नायक म्हणून आणखी दोनचार चित्रपट झाले. ते पर्व फार चाललं नाही, हे खरं. आता जावईबापू, इथेच तुमचं आणि माझं गणित वेगळं होतं. तुम्ही म्हणता, इथे तो संपला. मी म्हणते, इथे तो कामाला लागला. 'ब्रह्मचारी' (१९६८) मध्ये विनोदी भूमिका केली आणि रस्ता सापडला. मग 'शोले' (१९७५). मग रामसेंच्या 'पुराना मंदिर'पासून (१९८४) ते 'अंदाज अपना अपना'मध्ये (१९९४) सलमान खानच्या बापापर्यंत आणि 'चायना गेट'मधल्या (१९९८) म्हाताऱ्या सुभेदारापर्यंत. चारशेच्या आसपास चित्रपट. ८ जुलै २०२० ला वयाच्या ८१व्या वर्षी मुंबईत गेले, तेव्हा त्यांची जवळजवळ साठ वर्षं या धंद्यात गेलेली होती. त्यांच्याबरोबरचे किती नायक आले आणि विसरले गेले, ते तुम्हीच बोटांवर मोजा.

आता तो वखारीतला प्रसंग पुन्हा बघा. सबंध 'शोले'त जगदीपचं काम मोजून काही मिनिटांचं. बढाई मारता मारता मागे वळून बघतो, ते दोघे दिसतात आणि तोंडातलं वाक्य तोंडातच फिरतं. आवाज वरून खाली येतो, तोही एका दमात नाही, पायरी पायरीने. पन्नास वर्षं झाली, अजून आपण हसतो. मराठीच्या तासाला 'फजिती' या शब्दाचा अर्थ मी वर्षानुवर्षं सांगत आले, पण इतका नेमका मला एकदाही सांगता आला नाही. हे विदूषकाचं काम असेल तर विदूषक व्हायला काय लागतं ते एकदा करून बघा.

याच 'शोले'त लहानपणी काम केलेली माणसं आणखी किती, कधी बघितलंत? रहीमचाचांचा अहमद झालेला आपला सचिन तर चार-पाच वर्षांचा असल्यापासून कॅमेऱ्यासमोर. आणि खुद्द गब्बर! अमजद खान किशोरवयात 'अब दिल्ली दूर नहीं'मध्ये होता, जगदीपबरोबर. एक खलनायक झाला, एक चरित्र अभिनेता आणि सचिन पुढे नायकही झाला, दिग्दर्शकही. यात पास कोण आणि नापास कोण?

आपल्याकडचंच उदाहरण हवं तर माधव वझे घ्या. अत्र्यांच्या 'श्यामची आई'तला (१९५३) श्याम. त्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. पुढे वझे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाटकं बसवली, समीक्षा लिहिली आणि २००९ साली 'थ्री इडियट्स'मध्ये पोटचा मुलगा गमावलेल्या बापाच्या छोट्याशा भूमिकेत दिसले. श्याम ते बाप, मध्ये छप्पन्न वर्षं. मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हाही बहुतेकांच्या ओठी एकच शब्द आला, श्याम. माणूस पंचाऐंशी वर्षं जगला आणि आपण त्याला तेराव्या वर्षाच्या पुढे जाऊच दिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला एवढं झोंबायचं कारण काय? कारण आहे. सांगते.

१९८० च्या सुमाराला माझ्या वर्गात एक मुलगा होता. अभ्यासात बेताचा, पण स्नेहसंमेलनात रंगमंचावर आला की मागच्या रांगेतले पालकही गप्प बसत. दहावी झाल्यावर पाया पडायला आला आणि म्हणाला, "बाई, मी नाटकात जाणार." मी म्हटलं, "नायक करणार असतील तर जा. नाहीतर जन्मभर भाला धरून उभा राहशील." मला वाटलं, काय शहाणपणाचं बोलले!

काही वर्षांपूर्वी तो घरी आला. केस पांढरे झालेले. मालिकांमधून काम करतो. कधी डॉक्टर, कधी इन्स्पेक्टर, कधी मुलीचा मामा. त्यावर डोंबिवलीत घर झालं, मुलगी शिकली. मी विचारलं, "काय करतोस हल्ली?" तर खाली बघून म्हणाला, "छोटीमोठी कामं करतो बाई. तुम्ही म्हणालात तेच झालं, भालाच धरलाय." आणि हसला. मला हसू आलं नाही. तीस-पस्तीस वर्षं माझं वाक्य त्याने खिशात बाळगलं होतं. मी चहा केला, मुलीची चौकशी केली आणि त्याच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. त्याला वाटलं असणार, बाईंना लाज वाटते.

जावईबापू, तुमचं वाक्य ऐकलं तेव्हा मला माझंच ऐकू आलं. झोप लागली नाही ती म्हणून.

आता दुसरी बाजू. हे वाचून कुणी म्हणेल, "बघा, साठ वर्षं काम मिळतं! आपल्या छकुलीला त्या नाचाच्या स्पर्धेत घालूया." नाही हो, तसं मी अजिबात म्हणत नाही. जगदीप उपाशी होता म्हणून गेला. आपली छकुली उपाशी नाही, उपाशी आहोत ते आपण. २०१६ च्या दुरुस्तीने कायद्याने बालकलाकारांना काम करायची मुभा ठेवली, पण २०१७ च्या नियमांत अटी घातल्या. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी आणि मिळकतीतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. हे नियम का लागतात? चॅप्लिनच्या 'द किड'मधलं (१९२१) पोर आठवा, जॅकी कूगन. लाखो डॉलर कमावले. मोठा झाल्यावर बघतो तर आई आणि सावत्र वडिलांनी उडवलेले. १९३८ साली आईवर दावा लावायची पाळी आली, हाती लागले सव्वा लाखाच्या आसपास. त्याच्यामुळे १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा कायदा झाला. हाच कूगन १९६४ साली 'द अ‍ॅडम्स फॅमिली' मालिकेत टकला अंकल फेस्टर म्हणून घराघरात गेला. त्यालाही लोक 'बिचारा' म्हणाले असतीलच.

पोराला सहाव्या वर्षी 'स्टार' करायची घाई आणि साठाव्या वर्षी 'विदूषकच राहिला' म्हणून नाक मुरडणं, ही एकाच आजाराची दोन लक्षणं आहेत. आपल्याकडे मोजपट्टी एकच. पहिला नंबर. उरलेले एकोणचाळीस 'काहीच नाही'. तेहतीस वर्षं शाळेत मीही तीच पट्टी वापरली, म्हणून अधिकाराने सांगते की ती खोटी आहे. वर्ग त्या एकोणचाळिसांनी भरतो. चित्रपटही.

असो. फार लिहिलं. सकाळी त्या विद्यार्थ्याला फोन लावला. म्हटलं, तुझं काम कुठल्या मालिकेत, किती वाजता असतं ते सांग. बराच वेळ पलीकडून आवाजच आला नाही. मग म्हणाला, "बाई, पण फक्त दोन प्रसंग आहेत." म्हटलं, दोन तर दोन. वेळ सांग.

जावईबापू, गुरुवारी रात्री साडेआठला आहे. तुम्हीही बघा.