हौसेला मोल असते

‘हौसेला मोल नसते’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे बहुधा लग्नातील पैठणी असते किंवा दिवाळीतील आतषबाजी. असल्या हौसेत चूक झाली तरी नुकसान खिशापुरतेच होते. परंतु काही हौशी अशा असतात की त्यांची खरेदी चुकली, तर किंमत केवळ रुपयांत मोजून भागत नाही. पाण्याखाली बुडी मारण्याची, म्हणजेच स्कूबा डायव्हिंगची हौस ही त्यांपैकी एक होय.

ही हौस आता मूठभर धनिकांची राहिलेली नाही. मालवण-तारकर्लीचा किनारा, गोव्याजवळचे ग्रँड बेट, कर्नाटकातील नेत्राणी, अंदमानातील स्वराजद्वीप अशा ठिकाणी मध्यमवर्गीय कुटुंबे जातात. प्रशिक्षकाचा हात धरून काही मिनिटे प्रवाळ आणि मासे पाहतात आणि भारावून परततात. येथपर्यंत सारे स्वागतार्हच आहे. सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा किनारा लाभलेल्या महाराष्ट्राने समुद्राकडे पाठ फिरवून बसावे, असे कोण म्हणेल? परंतु परतल्यावर पहिल्याच आठवड्यात घरबसल्या सामानाची मागणी नोंदवली जाते आणि पश्चात्तापाची सुरुवात तेथे होते.

जुनेच दुखणे

हे दुखणे आजचे नव्हे. 1943 साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ‘ॲक्वालंग’ सिद्ध केले. श्वास घ्यावा तेव्हा, आणि त्या खोलीवरील दाबाला अनुरूप अशी हवा पुरवणारे हे साधन. त्यामुळे सामान्य माणसाला समुद्रतळाचे दार उघडले. पाठोपाठ सामानाची बाजारपेठही उघडली. 1958 ते 1961 या काळात अमेरिकेत ‘सी हंट’ ही दूरचित्रवाणी मालिका गाजली. तिचा नायक लॉइड ब्रिजेस याचे पाहून अनेक नवशिक्यांनी पोटरीला हातभर सुरा बांधला. आजचा जाणता पाणबुडा जाळ्याचा धागा कापण्यापुरती लहान कात्री किंवा कटर जवळ बाळगतो, कारण पाण्याखाली गाठ शार्क माशाशी क्वचित पडते, तुटक्या जाळ्याशी मात्र पडू शकते. हे कोकणातील कोणताही मच्छीमार सांगेल.

याहून बोधप्रद कथा आहे ती एका यंत्राची. बुडी मारल्यावर वर येताना कोठे आणि किती वेळ थांबावे, हे आपोआप दाखविणारे एक इटालियन मापक 1959 साली बाजारात आले. शरीराच्या सर्व ऊतींचे काम त्यात एकच सच्छिद्र चकती करीत असे. मानवी देह इतका सरळ हिशेबाचा नसतो, हे लवकरच ध्यानात आले. वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे होऊन जो विकार जडतो, त्याला पाणबुडे ‘बेंड्स’ म्हणतात. त्यावरून या यंत्राला त्यांनी ‘बेंडोमॅटिक’ असे उपरोधिक नाव दिले. ज्ञानाची जागा यंत्र भरून काढील, ही आशा तेव्हाही महागात पडली होती.

माळ्यावरचा समुद्र

आजच्या फसलेल्या खरेदीत पहिला मान वेटसूटचा. युरोपातील थंड पाण्यासाठी केलेला सात मिलिमीटर जाडीचा पोशाख कोकणच्या कोमट समुद्रात अंगाला जाच होतो. शिवाय त्याचे रबर स्वतःच तरंगते, म्हणून खाली जाण्यासाठी कमरेला जास्तीचे शिसे बांधावे लागते. दुसरा मान सिलिंडरचा. ज्याच्या शहरात तो भरून देणारा कॉम्प्रेसर नाही आणि भरलेला सिलिंडर विमानात घेत नाहीत, त्याने तो विकत घेऊन करायचे काय? त्याला ठरावीक मुदतीने दाबाची चाचणी द्यावी लागते, ही गोष्ट तर दुकानदार शेवटी सांगतो. रेग्युलेटरचीही नियमित तपासणी आणि दुरुस्ती लागते. वर्षातून एकदा वापरायचा आणि गोड्या पाण्याने न धुता ठेवून द्यायचा, तर खारे पाणी वाळून आतील भाग खराब होतात. पावसाळ्यात मालवणचे डायव्हिंग बंद असते. त्या चार महिन्यांत मुंबईच्या दमट हवेत माळ्यावर पडलेल्या या सामानाला बुरशी तेवढी लागते.

रंगाची गोष्टही अशीच. दुकानातील दिव्यांखाली लालभडक दिसणारे फिन्स मोठ्या हौसेने निवडले जातात. परंतु पाणी सर्वांत आधी लाल रंग शोषून घेते. दहा-पंधरा मीटर खोलीवर तोच लाल रंग काळपट करडा दिसू लागतो. खरेदी दुकानाच्या उजेडात होते आणि वापर समुद्राच्या अंधुकात. या दोहोंतील अंतर ग्राहकाला माहीत नसते, आणि पश्चात्तापाचे मूळ बहुधा तेथेच असते.

याउलट जी वस्तू खरोखर स्वतःची हवी, तिच्याकडे लक्ष कमी जाते. ती म्हणजे मास्क. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा, नाकाने हलका श्वास आत घ्यावा. मास्क चिकटून राहिला तर तो आपला. ही परीक्षा चित्र पाहून मागविलेल्या मास्कची घेता येत नाही. भरघोस मिशा असतील तर पाणी झिरपते. नव्या काचेवरील पातळ थर घासून काढला नाही तर ती धूसर होते आणि बिचारा ग्राहक मास्कलाच दोष देतो. पोहण्याचा साधा गॉगल घालून खोल जाणे तर धोक्याचेच. त्यात नाक झाकलेले नसते, त्यामुळे आतला दाब बरोबरीला आणता येत नाही आणि डोळ्यांना इजा होते.

जेथे पश्चात्तापाला वेळ नसतो

येथवरच्या चुका पैशाच्या होत्या. परंतु अलीकडे ऑनलाइन बाजारात हातपंपाने भरता येणारे इवलेसे सिलिंडर विक्रीस आले आहेत. ‘प्रशिक्षणाविना समुद्रदर्शन’ हेच त्यांचे आकर्षण. त्यांचा हिशेब मांडून पाहावा. अर्धा लिटर आकारमानाची टाकी 200 बार दाबाने भरली, तर तीत सुमारे 100 लिटर हवा मावते. माणसाला मिनिटाला 20 लिटर हवा लागते असे धरले, तर पृष्ठभागावर ती पाच मिनिटे पुरेल. दहा मीटरांवर दाब दुप्पट होतो, म्हणून तेथे अडीच मिनिटे. आणि माणूस घाबरला, धापा टाकू लागला, तर त्याहूनही कमी.

हवा संपली की तो वर धावतो. दाबाखाली घेतलेला श्वास छातीत कोंडून धरला, तर दहा मीटरांवरून वर येईपर्यंत त्या हवेचे आकारमान दुप्पट होऊ पाहते. फुप्फुसे तो ताण सोसू शकत नाहीत. ही इजा होण्यास दहा मीटरही लागत नाहीत, दीड-दोन मीटर खोलीही पुरते. म्हणून ‘श्वास कधीही रोखू नका’ हा प्रशिक्षणातील पहिला धडा असतो. नेमका तोच धडा वगळून ही वस्तू विकली जाते. येथे पश्चात्ताप करण्यास ग्राहक उरेलच याची खात्री नाही.

सामान भाड्याने घेणेही विश्वासाचे नसते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो सर्वस्वी खोटा नाही. दुसऱ्याच्या तोंडातील नळी तोंडात धरणे कोणालाही रुचत नाही आणि किनाऱ्यावरील सर्वच सामान निगुतीने राखलेले असते असेही नाही. परंतु यावर उपाय सारे दुकान घरी आणणे हा नव्हे. मास्क आणि तोंडात धरायचा रबरी तुकडा स्वतःचा ठेवावा. उरलेल्या सामानाची तपासणी केव्हा झाली, हे निःसंकोच विचारावे. ज्या व्यावसायिकाला हा प्रश्न आवडत नाही, त्याच्या नावेत बसू नये. वाचलेला पैसा प्रशिक्षणाकडे वळवावा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची याच विद्येची संस्था आहे; शिकण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. दहा-वीस बुड्या झाल्यावर आपल्याला काय हवे ते आपोआप कळते आणि तोवर निम्मी यादी गळून पडलेली असते.

शासनाचेही येथे कर्तव्य आहे. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय सिलिंडर भरून न देण्याची प्रथा जगभरच्या प्रतिष्ठित डायव्हिंग केंद्रांत आहे. पाण्याखाली श्वासोच्छ्वासासाठी वापरायच्या प्रत्येक साधनाच्या विक्रीला, मग ती ऑनलाइन का असेना, हीच अट लावण्यात काय अडचण आहे? निदान खोलीनुसार हवा किती मिनिटे पुरते याचा तक्ता आणि श्वास न रोखण्याचा इशारा मराठीतून छापणे विक्रेत्यांवर बंधनकारक करावे. माळ्यावर धूळ खात पडलेला वेटसूट ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. प्रशिक्षणाविना विकलेली हवेची टाकी मात्र तशी नाही. तिच्यामागे पाण्यात उतरणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार एखादी दुर्घटना घडण्यापूर्वीच झाला पाहिजे.